पगार कोणत्या गावचा?

आमच्या मुरुडला समुद्र नाही. हे वाक्य मी आजवर इतक्या लोकांना ऐकवले आहे की, माझ्या पश्चात माझ्यावर कोणी चार ओळी लिहिल्याच, तर ‘मुरुडला समुद्र नाही असे ते ठामपणे म्हणत’ ही एक ओळ त्यात नक्की असेल. पुण्या-मुंबईचा माणूस विचारतो, “राहता कुठे?” मी “मुरुड” म्हणतो आणि त्याच्या तोंडाला पाणी सुटते. त्याच्या डोळ्यांपुढे सुरमई, नारळाची झाडे आणि जंजिऱ्याचा किल्ला उभा राहतो. ते मुरुड रायगड जिल्ह्यातले. दुसरे एक मुरुड दापोलीजवळ आहे, महर्षी कर्व्यांचे. तिथेही समुद्र आहे. आमचे मुरुड तिसरे, लातूर-बार्शी रस्त्यावरचे. इथे सोयाबीन आहे, तूर आहे, आठवड्याचा बाजार आहे. पाण्याचे म्हणाल, तर ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या लातूरच्या शेजाऱ्याकडे समुद्र मागणे म्हणजे उपाशी माणसाकडे श्रीखंडाची वर्गणी मागण्यासारखे आहे.

समुद्र नाही म्हणून परदेशही आमच्यापासून लांब असेल, असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. १९४८ पर्यंत आमचा परदेश बार्शीला होता. मुरुड निजामाच्या राज्यात, उस्मानाबाद जिल्ह्यात. आणि बार्शी इंग्रजांच्या सोलापूर जिल्ह्यात. मध्ये करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा नाका. आज दुबईहून येणारे लोक सोन्याची साखळी जशी सदऱ्याच्या आत सारतात, तसे आमचे वाडवडील बार्शीहून येताना नाक्यावर साळसूद चेहरा करीत. फरक एवढाच की, त्यांच्या सदऱ्याच्या आत फक्त बंडी असे.

राज्ये दोन, म्हणून रुपयेही दोन. निजामाचा तो ‘हाली सिक्का’ आणि इंग्रजांचा तो ‘कलदार’. हिशेब सोपा होता. सात हाली म्हणजे सहा कलदार. पक्का भाव सांगायचा तर शंभर कलदारांना एकशे सोळा हाली, दहा आणे, आठ पै. मी बी.कॉम. झालेला असल्यामुळे असल्या गोष्टी मला विनाकारण पाठ आहेत. हाली सिक्क्याचा कारभार पाहायला १९४१ साली हैदराबाद स्टेट बँक निघाली. तिचीच पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि २०१७ साली ती स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. आता मराठवाड्यात तिची आठवण म्हणजे काही जुनी पासबुके आणि ती जपून ठेवणारे काही जुने खातेदार.

आमचे आजोबा एका गड्याची गोष्ट सांगत. आमच्याच गल्लीतला हा गडी बार्शीला एका आडत्याकडे कामाला राहिला. आडत्याकडे बार्शीचाही एक गडी होता. पोती दोघेही सारखीच उचलत. बार्शीच्या गड्याला महिना बारा कलदार आणि आमच्या गड्याला बारा हाली. आमच्या गड्याने विचारले, “मालक, असं का?” मालक म्हणाला, “तू निजामाचा माणूस. तुला निजामाचा रुपया. तुझ्या गावात तुला बारा तरी कोण देतं?” मुद्दा बिनतोड होता. गावात त्याला आठही मिळत नव्हते. अडचण एवढीच होती की, भाकरी बार्शीची, तंबाखू बार्शीची, खोलीचे भाडे बार्शीचे, आणि बार्शीतला कोणताही दुकानदार ‘तू निजामाचा ना, मग तुला सहा आण्यांची वस्तू पाच आण्यांना’ असे म्हणत नव्हता. बारा कलदारांचे चौदा हाली होतात. म्हणजे महिन्याकाठी दोन रुपये त्याच्या जन्मगावापायी जात होते. चार महिने हा हिशेब त्याने डोक्यात घोळवला आणि एका रात्री गठुडे बांधून तो चालत निघाला. तिसऱ्या दिवशी मुरुडात.

आजोबा ही गोष्ट हाली-कलदारावर संपवीत. मला हल्ली तिच्यातले चालणे जास्त महत्त्वाचे वाटू लागले आहे. का ते पुढे सांगतो, कारण मध्ये आमचे मेव्हणे यायचे आहेत.

मेव्हणे दुबईला असतात. एका बांधकाम कंपनीत हिशेब पाहतात. संयुक्त अरब अमिरातीत पस्तीस लाखांहून जास्त भारतीय आहेत, त्यातले ते एक. पण दिवाळीला मुरुडात उतरले की उरलेल्यांच्या वतीनेही तेच बोलतात. पहिल्या दिवशी बदामाची पाकिटे आणि अत्तरे वाटून होतात. दुसऱ्या दिवशी दुःख सांगून होते. या वेळचे दुःख असे होते.

“दाजी, माझ्या शेजारच्या टेबलावर एक गोरा बसतो. काम तेच. कॉम्प्युटर तोच. त्याच्या बेरजा चुकल्या तर दुरुस्त मी करतो. आणि पगार त्याला माझ्या दुप्पट!”

“मग साहेबाला विचारायचं.”

“विचारलं ना. साहेब म्हणतो, त्याला त्याच्या देशात तेवढा पगार मिळतो, म्हणून तेवढा द्यावा लागतो. तुला तुझ्या देशात किती मिळाला असता, ते सांग!”

हे ऐकून घरात जो निषेध झाला तो पाहण्यासारखा होता. आमच्या सौ.च्या डोळ्यांत पाणी आले. सासूबाईंनी त्या अज्ञात साहेबाचे सात पिढ्यांपर्यंतचे भविष्य वर्तवले. मीही बँकेतल्या युनियनच्या सभेत शिकलेली दोन वाक्ये म्हणून घेतली. समान काम, समान दाम हे तत्त्व त्या रात्री आमच्या ओसरीवर एकमताने, करंज्यांच्या साक्षीने मंजूर झाले.

तिसऱ्या दिवशी मेव्हण्यांनी मूळ काम काढले. त्यांच्याकडे बाळ लहान, बायकोही नोकरीला जाते, तेव्हा घर आणि बाळ सांभाळायला आपल्याकडची विश्वासू बाई पाहिजे होती.

“तिकडे बायका मिळत नाहीत का?” मी विचारले.

“मिळतात. पण रीतसर एजन्सीकडून घ्यायची म्हणजे फार महाग पडतं. आणि आपल्या भाकरीची सर त्यांना नाही. तुमच्याकडे धुण्याभांड्याला येतात त्या मावशी कशा आहेत?”

“चांगल्या आहेत. म्हणूनच तर आमच्याकडे आहेत.”

“महिना पंचवीस हजार देईन. रुपयांत, इथल्या खात्यात. राहणं-खाणं माझ्याकडे. मुरुडात त्यांना किती मिळतात?”

मावशींना चार घरचे मिळून सहा हजार मिळतात. मी ते सांगितले. तेव्हा मेव्हणे हसून म्हणाले, “मग? त्यांच्या गावात त्यांना पंचवीस हजार कोण देतं?”

वाचकहो, साहेबाचे वाक्य दुबईहून मुरुडला यायला बरोबर एक दिवस लागला. पण आले ते एक अक्षर न बदलता. आणि गंमत अशी की, ते बार्शीच्या आडत्याचेही होते. काही वाक्यांना पासपोर्ट लागत नाही.

आता इथे मेव्हण्यांना फैलावर घ्यावे आणि लेख संपवावा, असा मोह कोणालाही होईल. पण मी कारकून माणूस. समोरच्या रकान्यातला आकडा मांडल्याशिवाय मला बाकी काढता येत नाही. मेव्हण्यांची बाजू पोकळ नव्हती. ते कोणावर बळजबरी करीत नव्हते. मावशींचा मुलगा लातूरला डिप्लोमा करतो आहे. बचत गटाचे कर्ज आहे, आणि त्याचा हप्ता कधी चुकू नये म्हणून मावशींनी दोन वर्षांत नवे लुगडे घेतलेले नाही. सहा हजारांच्या जागी पंचवीस हजार म्हणजे चौपटीहून जास्त. दोन वर्षांत कर्ज फिटेल, मुलगा इंजिनिअर नाही तरी इंजिनिअरच्या जवळपास पोचेल. अशा वेळी मी ‘समान काम, समान दाम’ म्हणून छाती काढून उभा राहिलो, तर माझे तत्त्व शाबूत राहील आणि मावशींचा हप्ता थकेल. दुसऱ्याच्या खर्चाने पाळलेल्या तत्त्वाला आमच्या हिशेबात उचल म्हणतात.

तेव्हा प्रश्न खरा होता. ज्याने त्याने आपापल्या सोयीचे उत्तर द्यावे असा नव्हता. माणूस आपल्या गावाहून उचलून परक्या देशात कामाला नेला, तर त्याचा पगार कोणत्या गावचा? तो जिथून आला त्या गावचा, की तो जिथे राबतो त्या गावचा?

बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आम्हाला ॲडम स्मिथ होता. ‘अर्थशास्त्राचे जनक’ एवढ्यावर दोन मार्क मिळत, म्हणून आम्ही त्याला पुढे वाचला नाही. पण १७७६ साली निघालेल्या त्याच्या जाडजूड ग्रंथात एका सदऱ्याची गोष्ट आहे. तो म्हणतो, जुन्या ग्रीक-रोमन लोकांचे तागाच्या सदऱ्यावाचून काही अडत नव्हते. पण त्याच्या काळच्या युरोपच्या बऱ्याच भागात रोजंदारीच्या मजुरालाही तसा सदरा घातल्याशिवाय चारचौघांत जायची लाज वाटे. म्हणून तो सदरा ही चैन नव्हे, गरज. म्हणजे माणसाची गरज त्याच्या पोटात नसते. तो ज्या चारचौघांत वावरतो, त्यांच्या डोळ्यांत असते. मुरुडात मावशी सुती लुगड्यावर आणि अनवाणी चार घरे करतात, कोणी वळून पाहत नाही. दुबईच्या लिफ्टमध्ये त्या अनवाणी चढल्या, तर मेव्हण्यांनाच लाज वाटेल. मग चप्पल आली, थंडगार घरात घालायचा स्वेटर आला, मुलाशी बोलायला फोन आला. गरज दुबईची आणि पगार मुरुडचा, हा ताळेबंद कोणत्याही ऑडिटरने फेटाळावा असा आहे.

स्मिथ कशाला, आमची बँकसुद्धा हे ओळखते. महागाई भत्ता नावाची जी गोष्ट आहे, ती याच श्रद्धेवर उभी आहे. (आमच्या शाखेत देवावर विश्वास नसलेले दोघे आहेत, महागाई भत्त्यावर विश्वास नसलेला एकही नाही.) पूर्वी तर घरभाडे भत्ता गावाच्या लोकसंख्येवर ठरे. मुंबईला बदली झाली की वाढे, मुरुडला झाली की घटे. तेव्हा कोणी साहेबाने मुंबईला गेलेल्या कारकुनाला ‘तू मूळचा मुरुडचा, तुला मुरुडचाच भत्ता’ असे म्हटले असते, तर दुसऱ्या दिवशी देशभरच्या शाखांना कुलूप लागले असते. आम्हा युनियनवाल्यांना जे सरळ दिसते, ते मावशींच्या बाबतीत वाकडे का दिसावे, याचे उत्तर एकच. मावशींची युनियन नाही.

आणि हे केवळ आमच्या मेव्हण्यांचे गणित नाही. मोठमोठ्यांनी ते तसेच मांडले आहे. डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कला भारताच्या उपमहावाणिज्यदूत देवयानी खोबरागडे यांना अटक झाली, ते आठवत असेल. घरकामाला नेलेल्या बाईच्या व्हिसाच्या कागदांवर ताशी पावणेदहा डॉलर पगार लिहिला आणि प्रत्यक्षात महिना तीस हजार रुपये ठरवले, म्हणजे ताशी साडेतीन डॉलरसुद्धा नाही, असा तिथल्या सरकारी वकिलांचा आरोप होता. बाईंनी आरोप नाकारले. मार्च २०१४ मध्ये राजनैतिक संरक्षणाच्या मुद्द्यावर न्यायालयाने आरोपपत्र रद्द केले, दोन दिवसांनी नवे दाखल झाले. खरे-खोटे करायला आपण बसलेलो नाही. अटकेनंतर झडती कशी घेतली, यावर देशभर संताप उसळला, आणि तो समजण्यासारखाही होता. पण त्या महिनाभरात आमच्या चहाच्या टपरीवर ‘बाईला पगार किती असावा’ यावर एकदाही चर्चा झाली नाही. झाली ती एवढीच, की “महिना तीस हजार? भांडी घासायला? मग आपण बँकेत काय करायलोय?”

पुढे जून २०२४ मध्ये जिनिव्हाच्या न्यायालयाने मूळच्या भारतीय अशा एका अतिश्रीमंत घराण्यातल्या चौघांना, भारतातून नेलेल्या नोकरांच्या पिळवणुकीबद्दल तुरुंगवासाची शिक्षा सुनावली. माणसांच्या तस्करीच्या आरोपातून त्यांना सोडले, आणि त्यांनी निकालाविरुद्ध अपीलही केले. त्या खटल्यात दोन गोष्टी पुढे आल्या होत्या. पहिली, नोकरांचे पासपोर्ट मालकाकडे ठेवून घेतले होते. दुसरी, पगार रुपयांत आणि भारतातल्या खात्यात जमा होत होता. हे वाचून माझे कारकुनी कान टवकारले. खात्यात पैसे आहेत, पासबुकात नोंद आहे, व्याजही लागते आहे. पण ज्या गावात आपण आहोत तिथे खिशात एक फ्रँक नाही. म्हणजे माणूस पगारदार आणि कफल्लक एकाच वेळी. सरकारी वकिलांनी तर असेही मांडले की, घरच्या कुत्र्यावर होणारा खर्च एका नोकरावरच्या खर्चाहून जास्त होता. कुत्र्याचा जन्म कुठला हे मात्र कोणी विचारलेले दिसत नाही. त्याला तिथल्याच भावाने जेवण मिळत असणार.

आपले सरकार तरी काय करते? आखाती देशांत जाणाऱ्या कामगारांना कमीत कमी किती पगार मिळावा, याचा एक आकडा ते ठरवते. सप्टेंबर २०२० मध्ये, महामारीत नोकऱ्या टिकाव्यात म्हणून, तो आकडा खाली आणला. आरडाओरडा झाला तेव्हा जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर्वीसारखा केला. घरकामगारांना इतर कामगारांसारखेच हक्क द्यावेत, असा आंतरराष्ट्रीय करार २०११ साली जिनिव्हाला झाला. भारताने त्याच्या बाजूने मत दिले. मंजुरीची सही मात्र राहिली आहे. आमच्या बँकेत अशा कागदाला ‘तत्त्वतः मंजूर’ म्हणतात. ज्याला तो कागद मिळतो, त्याला पैसे कधी मिळत नाहीत.

एवढा विचार झाल्यावर माझ्या लक्षात आले की, या सगळ्यात मावशींना कोणी विचारलेलेच नाही. सकाळी त्या आल्या. मेव्हण्यांनी पंचवीस हजारांचा आकडा उच्चारला. मावशींनी हातातले पातेले खाली ठेवले. आकड्याला मान देण्याची त्यांची ती पद्धत आहे.

“तिकडं किती वाजता काम सुटतंय?” त्यांनी विचारले.

“तसं सुटणं नाही मावशी. घरातच राहायचं. बाळ रात्री उठलं तर बघायचं.”

“आन् सुट्टी कवा?”

“सुट्टी घेऊन तुम्ही जाणार कुठं? तिथं तुमच्या ओळखीचं कोण आहे?”

“घेवडा, मेथी काय भावानं हाय तिकडं?”

मेव्हण्यांनी भाव सांगितला. मावशींनी तोंडात बोटच घातले. मग बराच वेळ त्या काहीतरी मोजत बसल्या. त्यांचे गणित बोटांच्या पेरांवर चालते आणि ते आजवर माझ्या कॅल्क्युलेटरशी कधी चुकलेले नाही.

“ह्यो पगार कुठला म्हणायचा, भाऊ?” त्यांनी मला विचारले. “तिथला का हितला?”

मी मेव्हण्यांकडे पाहिले. मेव्हणे म्हणाले, “इथल्या मानानेच म्हणा ना. इथल्या चौपट आहे!”

“हितला आसंल तर मग बरं झालं,” मावशी म्हणाल्या. “मला रोज सांजच्याला मुरुडला आणून सोडा म्हणजे झालं.”

मी गेली वीस वर्षे बँकेत आहे. अर्थशास्त्रावर बोलणारे पुष्कळ साहेब ऐकले. पण हा प्रश्न इतक्या थोडक्यात कोणी सोडवलेला मला माहीत नाही. मुरुडचे सहा हजार म्हणजे नुसते सहा हजार नव्हेत. त्यात संध्याकाळी पाच वाजता घरी जाणे आहे. वाटेत मारुतीच्या पारावर टेकणे आहे, नणंदेशी भांडणे आहे, मुलाच्या ताटात स्वतःच्या हाताने वाढणे आहे. पटले नाही तर ‘ताई, उद्यापासून येत नाही’ म्हणणे आहे. आणि हे शेवटचे तर फार किमती आहे, कारण त्याच्या नुसत्या धाकाने आमची सौ. मावशींना चहा आधी देते आणि मला नंतर. पगार कमी असतो तेव्हा तो या सगळ्यासकट असतो. हे सगळे काढून घ्यायचे आणि पगार मात्र मुरुडच्या मापाने मोजायचा, म्हणजे फणस सोलून गरे आपण ठेवायचे आणि गिऱ्हाइकाकडून वजन सालीसकट धरायचे.

आणि इथेच मला आजोबांचा तो गडी आठवतो. त्याच्यावर अन्याय झाला, पण त्याचा परदेश पायी चालून परत येता येईल एवढाच लांब होता. रात्री गठुडे बांधले की सुटला. त्या चालण्याच्या शक्यतेतच त्याची सगळी अब्रू होती. मावशींच्या आणि मुरुडच्या मध्ये अख्खा अरबी समुद्र. आखातात पूर्वापार ‘कफाला’ची रीत. कामगाराचा एक कफील असतो, जामीनदार म्हणा. राहण्याचा परवाना त्याच्या नावाशी बांधलेला. बऱ्याच देशांत कफिलाच्या संमतीवाचून नोकरी बदलता येत नसे, काही ठिकाणी देशही सोडता येत नसे. अलीकडे पुष्कळ सुधारणा झाल्या आहेत. कतारने २०२० मध्ये नोकरी बदलायची ही अट काढली आणि मार्च २०२१ पासून कमीत कमी महिना एक हजार रियाल पगार बांधून दिला. घरकामगारांनासुद्धा, आणि माणूस कुठल्याही देशाचा असो. अमिरातीने २०२२ साली घरकामगारांसाठी नवा कायदा केला. आठवड्याची सुट्टी, रोज बारा तास विश्रांती, वर्षाला महिनाभराची पगारी रजा, आणि पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे.

ही शेवटची कलमे मी मेव्हण्यांना वाचून दाखवली. ते जरा चुळबुळले. कारण त्यांचा बेत मावशींना टुरिस्ट व्हिसावर न्यायचा आणि ‘नंतर बघू’ असा होता. दहावी न झालेल्या माणसाला आखातात कामाला जायचे, तर आपल्या सरकारची मंजुरी लागते. बाईमाणसाचे वय तीसच्या वर पाहतात, भरती सरकारी संस्थांमार्फतच होते, कागद लागतात, करार लागतो. टुरिस्ट व्हिसा घेतला की हे सगळे वाचते. वाचते हे खरे. पण कायद्याच्या डोळ्यांनी पाहिले तर मावशी तिथे बुर्ज खलिफा बघायला गेलेल्या असतील. आणि हौसेने बुर्ज खलिफा बघायला गेलेल्या माणसाला आठवड्याची सुट्टी कोण देणार?

मावशींना पंचवीस हजारांचा मोह सुटला नव्हता. सुटू नयेच. त्या म्हणाल्या, “मी येत नाही आसं कुठं म्हणलं? भाऊ, तुमी कागदावर लिवा. त्यास्नी पटलं तर जाते.” मी बँकेच्या जुन्या स्लिपांच्या पाठीवर लिहून घेतले. पासपोर्ट माझ्यापाशी. परतीचे तिकीट आधी. आठवड्याला एक दिवस सुट्टी. ओळखीचे कोणी नसले तरी मी माझी ओळखीची हाय. पगार तिकडच्या पैशात, माझ्या हातात. गावाकडं किती धाडायचा ते मी ठरवीन. शेजारच्या घरी काम करणाऱ्या तिकडच्या बाईला जेवढा, तेवढा मला. आणि मेले तर मुरुडला आणून जाळायचे, खर्च तुमचा.

मेव्हण्यांनी कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “दाजी, यातलं निम्मं तर मलासुद्धा नाही हो.”

त्या एका वाक्याने मला मेव्हण्यांबद्दल जेवढा जिव्हाळा वाटला, तेवढा अत्तराच्या बाटल्यांनी कधी वाटला नव्हता. त्यांचा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात होता. शेजारच्या टेबलावरच्या माणसाएवढा पगार तर त्यांनाही नव्हता. साखळीतल्या प्रत्येक कडीला वरची कडी टोचते आणि खालची कडी मऊ लागते, एवढाच काय तो परदेशाचा महिमा. वाईट माणूस शोधायला निघावे, तर प्रत्येक पायरीवर आपल्यासारखाच एक हप्ते फेडणारा गृहस्थ भेटतो. पण म्हणून प्रश्न सुटत नाही. उलट तो आणखी घरचा होतो. मला एवढेच कळले की, पगार माणूस कुठून आला यावरून ठरवू नये. तो रात्री कुठे झोपतो यावरून ठरवावा. आणि आकड्याच्या आधी दार पाहावे. ज्या दारातून माणसाला आपल्या मनाने बाहेर पडता येते, त्या दाराच्या आत पगाराची घासाघीस करायला हरकत नाही. दारच नसेल तर पंचवीस हजार काय आणि पन्नास काय, ती मजुरी नव्हे. सोन्याची असली तरी ती बेडी.

मेव्हण्यांनी दुबईला जाऊन रीतसर कचेरीतून, तिथल्याच भावाने, तिथेच राहणारी एक बाई ठेवली. महाग पडते म्हणून फोनवर कुरकुरतात. सोबत एक बातमीही दिली. त्यांनी कंपनीच्या कपाटातून स्वतःचा पासपोर्ट मागून घेतला. कोणी काही बोलले नाही म्हणे. नुसता मागायचा होता.

मावशी मुरुडातच आहेत. हप्ते अजून चालू आहेत. त्यांचे पंचवीस हजार गेले याचे दुःख मला आहे आणि त्यांनाही असणार; न्यायाची बाजू घेतली की पदरात काही पडतेच, असा अनुभव नाही. पण तो कागद त्यांनी टाकून दिला नाही. गेल्या महिन्यात त्यांनी तो माझ्यापुढे ठेवला आणि तिसऱ्या कलमावर बोट टेकवून विचारले, “भाऊ, हे कलम काय निस्तं दुबईचंच हाय का मुरुडलाबी चालतंय?”

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ पासून आहे; पण आठवड्याच्या सुट्टीचे काय, हे आमच्या गल्लीला कोणी विचारले नव्हते. चारही घरांची बैठक झाली. मी स्वतः कलमाच्या बाजूने दहा मिनिटे बोललो. ॲडम स्मिथपासून कतारपर्यंत सगळे आणले. ठराव एकमताने मंजूर झाला, आणि तत्त्वतः नव्हे, अगदी अंमलबजावणीसकट. सौ. म्हणाली, “इतकं चांगलं बोललात, आता रविवारचं तुम्हीच बघा.”

तेव्हा दर रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ मी मोरीत असतो. या कामाचा पगार कोणत्या गावचा, हे मी अजून विचारलेले नाही. संध्याकाळी मुरुडलाच असतो, त्यामुळे तक्रारीला जागा नाही.